साठ टेबलं आणि एक मिलिमीटर

अभ्यासिकेतल्या टेबलाला जेवढा मार बसतो तेवढा मंगल कार्यालयातल्या टेबलालाही बसत नसेल. सकाळी सहाला उघडलेलं दार रात्री अकराला लागतं आणि तेवढा सगळा वेळ त्याच दोन-अडीच फुटांत कोणाची तरी कोपरं टेकलेली असतात. शेजारच्या अमृततुल्यातला चहा तिथेच, मेसचा गरम डबा तिथेच, लॅपटॉप तिथेच, आणि परीक्षा जवळ आली की डोकंही तिथेच. वर्षाला मुलं बदलतात, टेबल तेच राहतं.

सदाशिव पेठेत, पेरूगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझ्या सासऱ्यांचा छापखाना होता. यंत्रं मोडीत निघाल्यावर दोन मोठ्या खोल्या आणि मागचं कागदाचं गोदाम रिकामं राहिलं. लातूर, बीड, नांदेडहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलांना या भागात तोटा नाही, म्हणून अभ्यासिका काढायचं ठरलं. दोन खोल्यांत मिळून साठ जागा, गोदामाचं नंतर बघू. खुर्च्या ह्यांनी बघायच्या, वीज आणि दिवे दिरांनी. टेबलं माझ्या वाट्याला आली, कारण माझी नोकरी बँकेत झाली आणि कोटेशनमधली बारीक अक्षरं वाचायची खोड मला अजून आहे.

पहिलं कोटेशन तयार टेबलांचं आलं. लॅपटॉपवर चित्रं सुंदर, भाव आकर्षक, आणि बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'प्री-लॅम पार्टिकल बोर्ड, १८ एमएम'. मी म्हटलं, चित्र राहू द्या, याचा वीतभर तुकडा ठेवून जा. आमच्याकडे घरातली कामं वर्षानुवर्षं करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना तो तुकडा दाखवला तर त्यांनी मत न देता नुसतं सांगितलं, "वहिनी, आज रात्री बादलीत टाका. शेजारी हा प्लायचा तुकडा पण टाका."

सकाळी बोर्डाची कड बोटाला कळेल इतकी फुगली होती आणि वरचा कागद कडेने उचलला होता. बीडब्ल्यूपी प्लायचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्लायचा तुकडा ओला झाला होता, बाकी जसाच्या तसा. आता, रात्रभर बादलीत कोणी टेबल बुडवत नाही हे मलाही कळतं. प्री-लॅम वाईट असतं असंही नाही. चारी कडा नीट बंद केल्या असतील आणि पाण्याचा संबंध नसेल तर पुस्तकांचं कपाट त्याचं खुशाल करावं. पण साठ मुलांपैकी रोज एक तरी पाण्याची बाटली आडवी करणार, आणि ते पाणी नेमकं कडेवरूनच खाली उतरणार. त्यात प्री-लॅममध्ये रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या राळेत, भिजवलेला एक नक्षीचा कागद थेट भुशाच्या बोर्डावर दाबलेला असतो. त्याच्या खाली आधाराला काही नसतं. कोपऱ्यावर स्टीलची बाटली आपटली की खळगा. तेव्हा प्लाय, आणि वर वेगळी लॅमिनेट शीट, म्हणजे आपण सनमायका म्हणतो ती, असं ठरलं आणि आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो.

लॅमिनेटच्या दुकानात गेल्यावर माणसाचं काय होतं ते सांगते. भिंतीवर छतापर्यंत नमुने, समोर विटेसारखे जाड फोल्डर, त्यात शेकडो रंग. दहा मिनिटांत सगळे करडे सारखे दिसायला लागतात. आम्ही ज्या दुकानात बसलो तिथले शेठ वयस्कर होते. मी फोल्डर उघडला तर त्यांनी तो हळूच मिटला. "ताई, रंग शेवटी. बसणार कोण, आणि टेबलावर करणार काय, ते आधी सांगा." मग एक टाकाऊ तुकडा घेतला, दोन्ही हातांनी वाकवून काडकन मोडला आणि मोडलेली बाजू उजेडात धरली.

कडेला वरती रंगाची केसाएवढी रेघ आणि खाली सगळं तपकिरी. ते तपकिरी म्हणजे क्राफ्ट कागद, आपल्या खाकी पाकिटांच्या जातीचा, फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून एकावर एक रचलेला. त्यावर नक्षीचा किंवा रंगाचा एक कागद, मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला. झीज सोसायची असेल तर त्याच्याही वर एक पारदर्शक कागद, ओव्हरले म्हणतात तो. हा सगळा गठ्ठा पोलादी पत्र्यांच्या मध्ये ठेवून एकशेवीस अंशांच्या वर तापवतात आणि चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोहून अधिक दाब देतात. रेझिन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. शीट गुळगुळीत होणार की खरखरीत, हे त्या पत्र्यावर ठरतं, पत्र्याचा जो पोत तोच शीटवर उमटतो. छापखान्याच्या घरात तीसेक वर्षं राहिल्यामुळे हा भाग मला लगेच समजला.

दोन वेगळी रेझिनं कशाला, तर फिनॉलिक मजबूत आणि स्वस्त, पण मुळातच गडद. जुन्या घरांतले काळे बेकेलाइटचे स्विच त्याच कुळातले. मेलामाइन पारदर्शक आणि जास्त कठीण, म्हणून ते वर. हा पदार्थ टेबलांसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत १९१३ साली डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या अभियंत्यांनी विजेच्या यंत्रांतलं इन्सुलेशन म्हणून तो विकायला सुरुवात केली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइन वर आलं, फिके आणि भडक रंग टिकायला लागले, आणि मग तो हॉटेलांच्या टेबलांवर नि स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर पसरला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली. ०.८ एमएम घ्यायची की १ एमएम, असं मी विचारलं. माझी समजूत अशी की जाड शीट म्हणजे वरचा थर जाड, म्हणजे जास्त वर्षं. शेठ म्हणाले, वरचा थर दोन्हींत तोच. वाढतो तो खालचा खाकी कागद. म्हणजे पेन-वह्या घासून झीज होणार असेल तर जाडीने फरक पडत नाही, तिथे ओव्हरले आहे की नाही आणि झिजेच्या चाचणीत शीट किती फेरे टिकली ते बघायचं. जाडीचा फायदा वेगळा आहे. काही जड आपटलं तर आधार मिळतो, आणि प्लायचे उंचवटे-खळगे वर दिसत नाहीत. पातळ शीटवर तिरका उजेड पडला की खालच्या प्लायचा सगळा भूगोल दिसतो. आडव्या पृष्ठभागाला १, उभ्याला ०.८ चालेल, असं त्यांचं मत पडलं आणि तेच मी धरलं.

मात्र '१ एमएम' म्हणून विकली जाणारी प्रत्येक शीट १ एमएम असते असं समजू नये. सासऱ्यांच्या टेबलाच्या खणात कागदाची जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता. तो मी पर्समध्ये घेऊनच गेले होते. या दुकानातली शीट ०.९७ भरली. थोडा फरक मानकालाही मान्य आहे. दुसऱ्या एका दुकानात, भाव फारच कमी सांगितला म्हणून मोजली, तर ०.८६. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मुलाची पत्रिका मागितली. पॅकिंगवर किंवा शीटच्या पाठीवर आयएस २०४६ चा उल्लेख आहे का तेही बघावं. सजावटी लॅमिनेटचं भारतीय मानक ते आहे, आणि उकळतं पाणी, कोरडी उष्णता, डाग, झीज यांच्या चाचण्या त्यात येतात.

रंगाच्या आधी फिनिश. ग्लॉसी पहिल्याच फटक्यात बाद, कारण वरच्या एलईडीचा उजेड त्यात आरशासारखा दिसतो आणि दिवसभर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते सहन होत नाही. शिवाय बारीक ओरखडा चकचकीत पृष्ठभागावर जास्त उठून दिसतो. उलट टोकाला लाकडाच्या रेषांचा खोल पोत असलेल्या शीट होत्या, हाताला इतक्या छान लागत होत्या की ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी पर्समधून एक कोरा कागद काढला, त्या शीटवर ठेवला आणि बॉलपेनने नाव लिहिलं. प्रत्येक रेषेवर पेन अडखळलं, एका जागी कागदाला भोक पडलं. एमपीएससीच्या उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायचा सराव ज्या टेबलावर व्हायचा, तिथे हा पोत काय कामाचा? त्या खाचांत खोडरबराचा चुरा आणि बिस्किटाचे कण अडकणार ते निराळंच. राहिलं स्वेड. बारीक, एकसारखं, चमक नसलेलं.

आठ-दहा स्वेड नमुने, ए-फोर आकाराचे, मी घरी आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले. मिसळीची तर्री, उकळता चहा, निळं जेल पेन, काळा परमनंट मार्कर, हायलायटर, सेलोटेप. चहा रात्रभर ठेवला तरी ओल्या फडक्याने निघाला. मार्कर पाण्याने हलला नाही, कापसावर स्पिरिट घेतलं तर दोन पुसण्यांत साफ, आणि शीटला काही झालं नाही. सेलोटेपचा चिकटाही त्यानेच निघाला. तर्रीने मात्र पांढऱ्या नमुन्यावर पिवळा ठसा ठेवला. साबणाने फिका झाला, गेला नाही. तो नमुना मी गॅलरीतल्या उन्हात ठेवून दिला आणि काही दिवसांत ठसा दिसेनासा झाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे पांढऱ्या कपड्यांवरून प्रत्येक बाईला माहीत असतं.

उकळत्या पाण्याचं पातेलं, शिट्टी झालेला कुकर, दोन्हींनी काही झालं नाही. गॅसवरून उतरवलेली तळणीची कढई ठेवली तेव्हा मात्र फिकट कडं उमटलं आणि राहिलं. अभ्यासिकेत कोणी भजी तळणार नाही, तेव्हा ते मी सोडून दिलं. तारेच्या घासणीने घासलं तर स्वेडवर ओरखड्यांपेक्षा वाईट गोष्ट झाली, तेवढाच भाग चकाकायला लागला. आणि संडास-बाथरूमसाठीचं आम्लाचं क्लीनर दहा मिनिटं ठेवलं तर जागा निस्तेज पडली, कायमची. या शेवटच्या दोन गोष्टी मी मोठ्या अक्षरात लिहून साफसफाईच्या खोलीत चिकटवल्या.

रंग म्हणाल तर शुद्ध पांढऱ्यावर पेन्सिलीची प्रत्येक रेघ दिसते आणि काळ्यावर धूळ, बोटांचे ठसे, पांढुरके चरे. मधला, किंचित पिवळसर झाक असलेला फिका राखाडी घेतला. घरी कोणालाच विशेष आवडला नाही. टेबलाचा रंग आवडला नाही तर दोन दिवसांत नजरेआड होतो, म्हणून मी वाद घातला नाही.

मग माप. कोटेशनमधलं टेबल तीन फूट बाय दोन फूट होतं. शीट आणि प्लाय दोन्ही आठ बाय चार फुटांचे येतात, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. तीन फुटांची टेबलं सगळी एकाच दिशेने कापली तर आठ फुटांत दोन बसतात आणि दोन फूट उरतात. एका शीटमध्ये चार टेबलं, बाकी तुकडे. तेच टेबल ८०० बाय ६०० केलं तर लांबीत तीन, रुंदीत दोन, एका शीटमध्ये सहा, आणि करवतीची जाडी नि ट्रिमिंगची वाढीव कड धरूनही हिशेब बसतो. साठ टेबलांना पंधराऐवजी दहा शीट. प्लायचंही तसंच. टेबल साडेचार इंचांनी लहान झालं, पण आमच्या खोलीत त्यामुळे एक रांग जास्त बसली. मुलांनी आजवर तक्रार केलेली नाही. उरलेल्या पैशांत प्लाय आयएस ३०३ च्या एमआरऐवजी, म्हणजे नुसती ओल सोसणाऱ्याऐवजी, बीडब्ल्यूपी घेता आला.

काम जागेवर करायचं की वर्कशॉपमध्ये, हा प्रश्न वाड्याच्या जिन्यानेच सोडवला. एक एमएमची शीट रंगाची बाजू आत ठेवून गुंडाळून, दोरी बांधून वर नेता येते. प्लाय गुंडाळता येत नाही आणि आमच्या जिन्याच्या वळणावर आठ फुटी काही फिरत नाही. मिस्त्रींच्या ओळखीचं एक वर्कशॉप धायरीत होतं, तिथे पॅनल सॉ, प्रेस आणि कडांना पट्टी लावायचं मशीन होतं. प्रेस असणं मला महत्त्वाचं वाटत होतं. जागेवर काम करणारे बरेचदा रबरवाला गोंद दोन्हीकडे लावून शीट थापतात, काम पटकन होतं, पण कुठे हवा राहिली की वर्षभराने तिथे फोड येतो. पांढऱ्या गोंदाला वेळ आणि दाब लागतो, प्रेसमध्ये दोन्ही मिळतं आणि सगळीकडे सारखं मिळतं.

दिवस श्रावणाचे होते. माल धायरीला पोचला आणि मिस्त्रींनी कापायला नकार दिला. शीट आणि प्लाय एकाच शेडमध्ये, एकमेकांशेजारी, दोन-तीन दिवस पडू द्यायचे, मग हात लावायचा. मला उद्घाटनाची घाई. ते मला छापखान्यातल्या जुन्या कपाटाची आठवण देऊन गप्प बसवतात. त्या कपाटाची दारं वाकलेली आहेत, वरचा कोपरा बोटभर बाहेर येतो, कुलूप लावायला गुडघा टेकवावा लागतो. कारण सनमायका फक्त बाहेरच्या बाजूला लावलाय. लॅमिनेट शेवटी कागदच आहे. पावसाळ्यात ओल घेऊन किंचित वाढतो, एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतो. एकाच बाजूला लावला तर आकसताना दाराला आपल्याकडे ओढतो, पलीकडून ओढणारं कोणी नसतं. म्हणून पाठीलाही शीट हवी. महागडी रंगीत नको, साधी बॅकर चालते, पण जाडीने नि जातीने वरच्या शीटच्या जवळची हवी.

इथे वर्कशॉपवाल्याचं आणि मिस्त्रींचं वाजलं. बॅकरचे तुकडे आडवे कापले तर त्याची एक शीट वाचत होती. दिसायला पाठच ती, कोण बघणार? मिस्त्री म्हणाले, कागदाला धागा असतो. लांबीत तो जेवढा हलतो त्याच्या साधारण दुप्पट रुंदीत हलतो. वरचा धागा उभा आणि पाठीचा आडवा ठेवलात तर दोघं वेगवेगळ्या दिशांना ओढणार आणि टेबल पिळणार. छापखान्याच्या सुनेला कागदाच्या धाग्याचं कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग आडव्या धाग्याचं झालं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बॅकरची एक शीट जास्त आणली.

आता कडा. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती कडांबद्दल आहे. पृष्ठभाग जिद्दीचा असतो, तो सहसा मरत नाही. टेबल मरतं ते कडेवरून. शीटची कड उघडी राहिली की तिथे पाणी शिरतं, बाटली आपटली की टवका उडतो, आणि एकदा टवका उडाला की लॅमिनेटला इलाज नाही. लाकूड रंध्याने तासता येतं, पॉलिश करता येतं. लॅमिनेट घासून नवं होत नाही, रंगाचा कागद संपला की खाली खाकी. म्हणून फोल्डरमध्ये तासभर घालवणाऱ्या लोकांनी त्यातली वीस मिनिटं पट्टीच्या नमुन्यांना द्यावीत असं माझं मत आहे.

वर्कशॉपवाल्याचा आग्रह चारी बाजूंना ०.८ एमएमच्या पीव्हीसी पट्टीचा होता. तीन बाजूंना मी दोन एमएमची घेतली, मशीनवर गरम गोंदाने बसवलेली आणि धार गोल केलेली. पुढच्या बाजूचं प्रकरण वेगळं. तिथे मनगटं दिवसभर टेकतात, घाम लागतो, मुलं विचार करताना नखाने उकरतात. त्या बाजूला मिस्त्रींनी सागवानाची जाड पट्टी सुचवली, प्लायला आधी चिकटवून घ्यायची, वरची धार गोल करायची, पॉलिश मारायचं. खर्च वाढला. वर्कशॉपवाला म्हणाला, हल्ली असं कोणी करत नाही. खरं आहे, कारण हे हाताचं काम आहे आणि त्यात वेळ जातो.

वायरसाठी आणि प्लग-पॉइंटसाठी टेबलात भोकं लागणार होती. चौकोनी खाच कापताना आतले कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत, आधी चारी कोपऱ्यांवर ड्रिलने गोल भोक पाडायचं, मग मध्ये कापायचं. तीक्ष्ण कोपऱ्यातून लॅमिनेटला तडा जातो. वर्कशॉपमध्ये कापलेली सगळी भोकं तशीच झाली. नंतर एका टेबलाचा पॉइंट हलवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने पटाशीने सुबक चौकोन पाडून दिला, बॉक्स घट्ट बसला म्हणून खूशही झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातून चार बोटं लांब तडा गेला. साठांतलं तेच एक तडकलेलं टेबल.

माल पेठेत आणायला छोटा हत्ती पहाटे बोलावला. उजाडल्यावर आमच्या गल्लीत गाडी उभी करून दाखवावी कोणीतरी. टेबलांच्या वरचं संरक्षक प्लॅस्टिक मी लोखंडी सांगाडे बसून झाल्यावर लगेच काढायला लावलं. उन्हात राहिलं तर त्याचा चिकटा शीटवर बसतो. ह्यांचा जीव तुटला, कारण आमच्याकडे फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिकही पाच वर्षं होतं. नव्या फर्निचरचा वास काही दिवस होता, डोळे चुरचुरायचे. तो मुख्यतः प्लाय आणि गोंदातला. खिडक्या उघड्या, पंखे चालू, आणि उद्घाटन आठवडाभर पुढे ढकललं.

आता दोन उन्हाळे नि दोन पावसाळे झाले. टेबलं सरळ आहेत, एकही पिळलेलं नाही. स्वेड जिथे मनगट फिरतं तिथे किंचित चकाकायला लागलंय, तिरक्या उजेडात दिसतं. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या दोन टेबलांची मागची पीव्हीसी पट्टी कोपऱ्यात सुटली, तिथे दुपारभर ऊन येतं आणि गरम गोंद मऊ पडतो. मिस्त्रींनी चिकटवून दिली, मी पडदा लावला. सागवानी पट्ट्या घामाने काळवंडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत काच-कागद मारून पुन्हा पॉलिश केल्या, नव्यासारख्या दिसतात. परमनंट मार्करने लिहिलेल्या प्रतिज्ञा दर महिन्याला स्पिरिटने पुसल्या जातात. निकाल लागलेल्या एका मुलीने आपली प्रतिज्ञा पुसू नका म्हणून विनंती केली होती. ती मी मान्य केली, साफसफाईच्या मावशींनी नाही.

मावशींबरोबर साबणाच्या पाण्याचा करार आहे. मध्ये त्या रजेवर असताना बदलीच्या बाईंनी बाथरूमचं क्लीनर वापरलं आणि कोपऱ्यातल्या एका टेबलावर वहीएवढा निस्तेज पट्टा राहिला. खोलीत चिकटवलेली सूचना त्यांना वाचता येत नव्हती. आता त्या क्लीनरची बाटली कुलपात असते.

यंदा गोदामाचं काम काढलंय. तोच नंबर, तेच फिनिश घ्यायला टिंबर मार्केटला गेले तर नव्या फोल्डरमध्ये तो रंगच नव्हता. शेठच्या गोदामात जुन्या लॉटच्या काही शीट निघाल्या, पण माझ्याकडच्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर रंगात फरक कळत होता. पुढेमागे दुरुस्तीला लागतील म्हणून त्यातल्या दोन तेवढ्या घेतल्या. त्या घरी पलंगाखाली आडव्या, रंगाच्या बाजू समोरासमोर ठेवून ठेवल्यात. नव्या खोलीला थोडा हिरवट राखाडी घेतलाय. शेठनी सुटेल तेवढी सूट दिली आणि मायक्रोमीटर कुठून आणला ते विचारून घेतलं. माल धायरीला पोचलाय, मिस्त्री म्हणतात गुरुवारपर्यंत हात लावणार नाही.